मिल्ले मिलिया की ले मान्स क्लासिक? एकच ट्रिप जमणार असेल तर

जुन्या रेसिंग गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या लोकांची अडचण साधारण एकसारखीच असते, रजा मिळते आठवड्याभराची, पैसे साठवलेत ते एकाच ट्रिपचे, आणि बघायच्यात मात्र दोन गोष्टी, इटलीतली मिल्ले मिलिया आणि फ्रान्समधली ले मान्स क्लासिक. मिल्ले मिलिया हल्ली जूनच्या मध्याला असते आणि ले मान्स क्लासिक जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे मधे दोन-तीन आठवड्यांची फट, दोन्ही करायच्या तर तेवढे दिवस तिकडेच राहायला लागेल आणि ते नोकरदार माणसाला परवडत नाही. मी दोन्ही बघितल्यात, वेगवेगळ्या वर्षी, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो, एकच बघायची असेल तर ब्रेशियाला, म्हणजे मिल्ले मिलिया जिथून सुटते तिथे, जा. पण काही जणांसाठी ले मान्सच बरोबर आहे, ते कोण तेही सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मिल्ले मिलिया ही आता वेगाची रेस नाही. खरी रेस 1927 ते 1957 अशी 24 वेळा झाली, ब्रेशियाहून निघायचं, रोमला जायचं आणि परत ब्रेशियाला यायचं, हजार मैल म्हणजे साधारण 1600 किलोमीटर, तेही एका दमात आणि चालू गावांमधून. 1977 पासून जे होतंय ते रेग्युलॅरिटी आहे, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्याच वेळात कापायचं, लवकर आलात तरी मार्क गेले आणि उशिरा आलात तरी गेले, रस्त्यावर आडव्या टाकलेल्या नळीवरून चाक गेलं की सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. हल्ली ते पाच दिवस चालतं. ले मान्स क्लासिकमधे मात्र लोक खरंच पळवतात. ले मान्सच्या मूळ 24 तासांच्या रेसचाच 13.6 किलोमीटरचा मोठा सर्किट, काळानुसार गाड्यांचे गट पाडलेले, प्रत्येक गटाला पाऊण तासाच्या आसपासच्या तीन रेस, आणि शनिवारी दुपारी 4 पासून रविवारी दुपारी 4 पर्यंत हे चक्र रात्रभर चालू.

आवाज ऐकायला जायचं असेल तर मग विचार करायची गरजच नाही, ले मान्सला जा. पहाटे 3 ला जॅग्वार डी-टाइप, पन्नासच्या दशकातली रेसिंग गाडी, फुल थ्रॉटलवर समोरून जाते तेव्हा जे काही छातीत होतं ते मला शब्दात नाही सांगता येणार, नुसते पिवळे दिवे लांबून येताना दिसतात आणि मग इंजिनचा आवाज, आणि मग तापलेल्या ब्रेकचा वास राहतो मागे. मल्सानची ती सहा किलोमीटरची सरळ पट्टी 1990 मधे दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं, टाकून तोडली आहे, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या ड्रायव्हरला जी पट्टी मिळायची ती आता तशी नाही, तरीपण टेर्त्र रूजच्या वळणातून बाहेर पडून झाडांमधे शिरणाऱ्या गाड्या बघणं हेच पुरेसं आहे. ड्रायव्हर रस्ता ओलांडून पळत येऊन गाडीत उडी मारतात तो जुना स्टार्टही काही गटांसाठी करून दाखवतात.

मिल्ले मिलियात असलं काही मिळणार नाही. तिथे जे मिळतं ते वेगळंच आहे, जवळीक. सुरुवात होण्याआधी ब्रेशियाच्या पियात्सा व्हित्तोरियात गाड्यांना सील लावण्याचा कार्यक्रम असतो, तिथे चारशेच्या वर गाड्या, ओएम, बुगाटी, आल्फा, लाल मासेराटी, चिमुकल्या फियाट टोपोलिनो, सगळ्या हाताच्या अंतरावर उभ्या. ड्रायव्हरशी बोलता येतं, बहुतेक जण प्रेमाने उत्तर देतात. रस्त्यावर उभं राहून बघायला तिकीट नाही, गावाच्या चौकात कॅफेत खुर्ची टाकून बसा, दोन-तीन तास एकामागून एक गाड्या तुमच्या टेबलाजवळून जात राहतात. अट अशी असते की 1927 ते 1957 मधे ज्या मॉडेलने ही रेस पळली तेच मॉडेल चालेल, त्यामुळे भलतं काही मधे घुसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पुढे नव्या फेरारींचा एक ताफा जातो, तो बघून बरेच जण निराश होऊन उठतात, उठू नका, खऱ्या गाड्या मागून येतायत.

आता मी ब्रेशिया का म्हणतो ते. यासाठी 1955 साल बघावं लागेल, कारण या दोन्ही रेसची गोष्ट त्या एका वर्षात एकमेकांत अडकलेली आहे. 1 मे 1955 ला सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस ब्रेशियाहून निघाला. गाडी मर्सिडीज 300 एसएलआर, नंबर 722, कारण मिल्ले मिलियात नंबर म्हणजेच निघायची वेळ, छोट्या गाड्या आदल्या रात्री 9 पासून सुटायच्या आणि सगळ्यात वेगवान गाड्या सकाळी. शेजारी दाढीवाला पत्रकार डेनिस जेन्किन्सन. त्याने आधी सगळा रस्ता पुन्हा पुन्हा फिरून प्रत्येक वळणाच्या नोंदी केल्या होत्या, त्या पाच-साडेपाच मीटर लांब कागदावर लिहून तो कागद एका डब्यात रोलसारखा गुंडाळला होता, आणि आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा ठरवलेल्या. समोर चढ आहे, पलीकडे काय आहे दिसत नाही, जेन्किन्सनने सरळ अशी खूण केली की मॉस पाय उचलत नव्हता. दुसऱ्या माणसाच्या हातावर एवढा विश्वास! मधे जेन्किन्सनला उलटी झाली, तोंड बाहेर काढलं तर वाऱ्याने चष्मा उडाला, सुदैवाने जास्तीचा होता. 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत ते परत आले, सरासरी ताशी 157 किलोमीटर, गावं, घाट, रेल्वे फाटकं सगळं धरून. दुसरा आलेला मर्सिडीजचाच ड्रायव्हर फान्जिओ, जो एकटाच चालवत होता, अर्ध्या तासाहून जास्त मागे. हा वेळ पुढे कुणीच मोडला नाही.

आणि 41 दिवसांनी, 11 जूनला, त्याच 300 एसएलआर मॉडेलच्या गाड्या ले मान्सच्या 24 तासांच्या रेसला. पिअर लव्हेगची गाडी पिट, म्हणजे गाड्या इंधन-दुरुस्तीला थांबतात त्या जागेसमोरच्या अरुंद पट्ट्यात लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीवर चढून हवेत गेली आणि प्रेक्षकांत पडली. लव्हेग गेला, आणि ऐंशीच्या वर प्रेक्षक गेले. मोटर रेसिंगच्या इतिहासात यापेक्षा मोठा अपघात नाही. मॉस आणि फान्जिओ एकाच गाडीत होते, पुढे होते, मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने गाड्या काढून घेतल्या. रेस थांबवली नाही, हॉथॉर्न आणि ब्यूब जॅग्वारमधून जिंकले. स्वित्झर्लंडने सर्किट रेसिंगवर बंदी घातली ती पूर्णपणे उठायला 2022 साल उजाडलं.

फरक यानंतर पडतो. ले मान्सला उपाय करता आला, पिट पाडून नवे बांधले, रस्ता रुंद केला, प्रेक्षक मागे सरकवले, आणि तेव्हापासून दर थोड्या वर्षांनी तिथे काही ना काही बदलत आलंय, म्हणून ती रेस आजही जिवंत आहे. मिल्ले मिलियाला उपायच नव्हता. 1600 किलोमीटर रस्त्याला कुंपण कुठून घालणार? 1957 ला आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर गुइदिझोलो गावाजवळ फुटला, तो, त्याचा साथी एडमंड नेल्सन आणि रस्त्याकडेचे 9 जण गेले, त्यातली 5 लहान मुलं. फेरारी कंपनीचा मालक एन्झो फेरारीवर खटला चालला, 1961 ला तो निर्दोष सुटला, पण वेगाची रेस तिथेच संपली.

म्हणूनच मला असं वाटतं की ले मान्सला रेस शिल्लक आहे पण जागा बदलली, आणि मिल्ले मिलियाची रेस गेली पण बरीचशी जागा तशीच राहिली. मार्गावरचे फुता आणि रातिकोझाचे घाट आजही तिथेच आहेत, दोन्हीकडे घरं चिकटलेली गावंही तशीच आहेत. मार्ग दरवर्षी थोडा बदलतो पण यातला बराच भाग वर्षातल्या कुठल्याही दिवशी भाड्याच्या गाडीने तुम्ही स्वतः चालवू शकता. मी रातिकोझावर ताशी 50 ने जात होतो आणि पुढचं वळण दिसत नव्हतं, तेव्हा 722 म्हणजे काय होतं ते पहिल्यांदा अंगाला कळलं, इतकी वर्षं ते आकडे मला पाठ होते तरी. ले मान्सची मल्सान पट्टीही एरवी साधा वाहतुकीचा रस्ता असते, तीही चालवता येते, पण ती सरळ आहे हो, ट्रक आणि सिग्नल सोडून तिथे जाणवण्यासारखं फार काही नाही.

ज्यांना घाट नकोत, गाडी चालवायची नाही, सगळं एकाच ठिकाणी हवंय, किंवा सोबत मुलं आहेत ज्यांना सारखं काहीतरी पळताना दिसायला हवं, त्यांनी ले मान्स करावं. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने तासाभरात पोचता, गावातून सर्किटपर्यंत ट्राम आहे, दारातच म्युझियम आहे. तिकीट मात्र लागतं आणि राहायचं लवकर बघा, नाहीतर तंबू. तारखा बघताना त्या वर्षी कुठल्या काळातल्या गाड्या आहेत तेही बघून घ्या, आयोजकांनी आता जुन्या आणि अलीकडच्या गाड्यांची वर्षं वेगळी करायचं ठरवलंय, पन्नासच्या दशकासाठी जाल आणि नव्वदीतल्या गाड्या बघून याल.

ब्रेशियाला मिलानहून ट्रेनने तासाच्या आत-बाहेर. हॉटेल त्या आठवड्यात लवकर भरतात, शेजारच्या बेर्गामोत किंवा व्हेरोनात राहिलात तरी चालतं. सान्तेउफेमियाच्या जुन्या मठात मिल्ले मिलियाचं म्युझियम आहे, ते सुरुवातीच्या आदल्या दिवशी करा, नंतर वेळ मिळत नाही. आणि गाडी घेतली असेल तर एक सकाळ मान्तुआच्या रस्त्यासाठी ठेवा, गुइदिझोलोच्या जवळ रस्त्याच्या कडेला त्या 1957 च्या माणसांचं स्मारक आहे. फुलं ब्रेशियातूनच घेऊन निघा.