बडोद्यातून टाइमशेअर: क्लबचे सदस्य वाढले की खोली मिळणं अवघड होतं का?

टाइमशेअर म्हणजे आधी मोठी रक्कम भरून पुढची अनेक वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. बडोद्याच्या अलकापुरीतल्या हॉटेलात अशा क्लबचं प्रेझेंटेशन असलं की विक्रेता एक आकडा हमखास सांगतो: आमचे इतके लाख सदस्य आहेत. समोर बसलेल्या नवरा-बायकोच्या मनात तेव्हाच शंका येते, एवढे लोक असतील तर आपल्याला खोली मिळणार कधी? शंका रास्त आहे. पण सदस्यांच्या एकूण संख्येवरून बुकिंगचं फारसं काही कळत नाही. कळतं ते प्रमाणावरून. तुम्हाला हवा तो आठवडा, हवं ते गाव आणि हव्या त्या मापाची खोली धरली, तर एका खोलीमागे किती सदस्य उभे आहेत? बडोद्याच्या कुटुंबाचा हवा तो आठवडा जवळजवळ ठरलेलाच असतो, म्हणून इथल्या गिऱ्हाइकाने या सेवेची पारख मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळी करावी लागते.

आधी सोपा हिशेब. एका खोलीच्या वर्षाला ३६५ रात्री. रंगकाम, नळदुरुस्ती, गाद्या बदलणं यासाठी पंधरा सोडल्या तर ३५० उरतात. प्रत्येक सदस्याला वर्षाला ७ रात्री म्हटलं, तर एका खोलीवर ५० सदस्य बसतात. दरवर्षी बरेच सदस्य फिरकतच नाहीत, त्यामुळे आकडा पन्नासच्या थोडा वर गेला तरी क्लबचा गाडा चालतो. देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबचं, म्हणजे १९९६ साली सुरू झालेल्या क्लब महिंद्राचं उदाहरण घ्या. त्याची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने सदस्य किती आणि खोल्या किती, दोन्ही आकडे तिच्या निवेदनांत छापलेले मिळतात. तीन लाखांच्या आसपास सदस्य आणि पाच हजारांहून जास्त खोल्या. भागाकार पन्नास-साठच्या घरात येतो. शेअर बाजारात नसलेल्या क्लबाकडून हेच दोन आकडे लेखी मागा. ‘चाळीस ठिकाणी रिसॉर्ट आहेत’ हे त्याचं उत्तर नव्हे. चाळीस ठिकाणी मिळून खोल्या किती, त्यातल्या स्वतःच्या किती, भाड्याने घेतलेल्या किती आणि दुसऱ्याच्या हॉटेलात नुसत्या राखून ठेवलेल्या किती, हे कळायला हवं. भाडेकरार संपला की त्या खोल्या यादीतून जातात, तुमची पंचवीस वर्षं मात्र चालूच राहतात.

सदस्य आणि खोल्या एकाच वेगाने वाढल्या तर सरासरी प्रमाण बिघडत नाही. अडचण वेगातल्या फरकाची आहे. सदस्यत्व एका दुपारी विकलं जातं. डोंगरातलं रिसॉर्ट उभं राहायला जमीन, परवानग्या, पाणी, रस्ता आणि बांधकाम धरून काही वर्षं जातात. मधल्या काळात नवे सदस्य जुन्याच खोल्यांवर येऊन बसतात. शिवाय नवी खोली जिथे जमीन मिळते तिथे निघते आणि मागणी जिथे होती तिथेच राहते. कुठल्याशा नव्या गावी शंभर खोल्या झाल्या म्हणून गोव्यातली किंवा मुन्नारमधली रांग कमी होत नाही, उलट त्या शंभर खोल्यांच्या जोरावर विकलेले पाच हजार सदस्यही गोवाच मागतात. क्लब मोठा होताना लोकप्रिय ठिकाणचं बुकिंग खरोखर अवघड होतं ते इथे. एकूण सरासरीत ते दिसत नाही, म्हणून विक्रेता सरासरी खुशाल दाखवतो.

आता बडोद्याचा आठवडा. गुजरात बोर्डाच्या शाळांना दिवाळीचं वेकेशन साधारण २१ दिवसांचं असतं, पण बाजार बंद असतो तो बेसतं वरस (गुजराती नववर्षाचा पहिला दिवस) ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी). दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीतला व्यापारी याच दिवसांत दुकानाला कुलूप लावून निघतो, आणि त्याच दिवसांत सुरत, अहमदाबाद, राजकोटचाही. सापुतारा, माउंट अबू, उदयपूर, दीव ही सगळी ठिकाणं आपल्या गाडीने एका दिवसात गाठता येणारी, म्हणून पहिला भार त्यांच्यावर पडतो. शंभर खोल्यांचं रिसॉर्ट धरा. पाच रात्रींच्या मिळून खोली-रात्री झाल्या ५००. एका कुटुंबाने चार रात्री घेतल्या तर सोय झाली सव्वाशे कुटुंबांची. वरच्या हिशेबाने त्या शंभर खोल्यांमागे पाच हजार सदस्य आहेत, म्हणजे चाळिसात एक. क्लब दुप्पट झाला आणि खोल्याही दुप्पट झाल्या तरी हे चाळिसात एक तसंच राहतं. दिवाळीत खोली मिळत नाही ही तक्रार वीस हजार सदस्यांच्या क्लबातही तेवढीच खरी असते.

याच्या उलट नवरात्र. गरबा टाकून बडोद्याचा माणूस सहसा गाव सोडत नाही. दसरा ते दिवाळी या मधल्या दिवसांत शाळांच्या परीक्षा असतात, त्यामुळे गुजरात-राजस्थानातल्या रिसॉर्टवरचा स्थानिक भार उतरतो. निवृत्त जोडप्यांसाठी, आणि ज्यांची मुलं शिकून बाहेर पडली आहेत त्यांच्यासाठी, हेच दिवस सोन्यासारखे आहेत. मात्र हिमाचल, दार्जिलिंगकडे तेव्हा बंगाली कुटुंबांची पूजेच्या सुट्टीतली गर्दी असते, तिकडचा विचार नंतर करावा.

सीझनचा करार वाचताना एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. क्लब वर्षाचे भाग पाडून त्यांना रंग किंवा नावं देतात. महिंद्राकडे जांभळा सर्वांत वरचा, मग लाल, पांढरा, निळा. खालच्या रंगाचा सदस्य वरच्या रंगाच्या दिवसांत आपल्या हक्काने जाऊ शकत नाही, वरच्याला खाली उतरता येतं. आता दिवाळी तिथीने येते. २०२५ साली ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ चं २९ ऑक्टोबरला. क्लबचं सीझन-कॅलेंडर इंग्रजी आठवड्यांच्या क्रमांकाने कायमचं ठरलेलं आहे, की दरवर्षी सण पाहून जाहीर होतं, आणि प्रत्येक ठिकाणाचं वेगळं आहे का, हे विचारून पुढच्या तीन वर्षांच्या दिवाळीच्या तारखा त्यावर स्वतः लावून पाहा. ‘दिवाळी धरलेलीच आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही.

वरचा रंग किती जणांना विकला हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. शंभर खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये वरचा सीझन दहा आठवड्यांचा असेल तर त्यात ७,००० खोली-रात्री आहेत, म्हणजे पूर्ण ७ रात्री फक्त एक हजार सदस्यांना पुरतील. पाच हजारांतल्या दोन हजारांना तो रंग विकला असेल तर दर दुसऱ्या माणसाने दुसऱ्या दिवसांत जावं लागणार, मग महागडा रंग घेतला कशाला? खोलीच्या मापाचंही तसंच. आई-वडिलांसह सहा जणांच्या कुटुंबाला दोन बेडरूम लागतात आणि त्या प्रत्येक रिसॉर्टवर मोजक्याच असतात. एका बेडरूमचं सदस्यत्व घेऊन ‘नंतर वाढवून घेऊ’ असा बेत असेल तर तो गर्दीच्या आठवड्यात सहसा पार पडत नाही.

शनिवार-रविवारची अडचण निराळी. लोक आता सात रात्री सलग घेत नाहीत, दोन-तीन रात्रींचे तुकडे करतात. शुक्रवार ते रविवार भरतो, सोमवार ते गुरुवार खोली पडून राहते. वर्षाच्या सरासरीत रिसॉर्ट रिकामं दिसतं आणि नोकरदार माणसाला ते कायम भरलेलं दिसतं. त्यात मागच्या वर्षांच्या साठलेल्या रात्री घेऊन येणारे सदस्य मिसळले की सुट्टीच्या दिवसांवर दुहेरी भार येतो. काही क्लब म्हणून किमान रात्रींची अट घालतात. सदस्यांना ती जाचक वाटते, पण तिच्यामुळे तुकड्यांनी खोल्या वाया जाणं थांबतं. अट चांगली आहे. रिकाम्या खोल्या क्लब बाहेरच्या गिऱ्हाइकांना हॉटेलसारख्या विकतो तेही समजण्यासारखं आहे, फक्त सदस्यांची प्रतीक्षायादी संपल्यावरच विकतो का, हे करारात पाहावं.

सदस्यांनी बुकिंग कसं करावं याचा गाभा बुकिंगची खिडकी उघडण्याच्या तारखेत, म्हणजे खोली कधीपासून मागता येते त्यात आहे. करारात खिडकी नऊ महिने आधी उघडत असेल तर ८ नोव्हेंबरच्या खोलीसाठी ती ८ फेब्रुवारीला उघडते. पण बहुधा मोजणी राहायला येण्याच्या पहिल्या दिवसापासून होते. त्यामुळे जो सदस्य ५ नोव्हेंबरपासून सलग सात रात्री मागतो, त्याची खिडकी ५ फेब्रुवारीलाच उघडते आणि त्या सात रात्रींत तुमची ८, ९, १० तारीख तो आधीच घेऊन बसतो. दिवाळीच्या दिवसांत खोली हवी असेल तर मुक्काम एक-दोन दिवस अलीकडे सुरू करून जास्त रात्री मागणं हाच खरा मार्ग. खिडकी किती वाजता उघडते ते आधी विचारून ठेवा, वार्षिक शुल्क थकलेलं असेल तर भरून टाका (थकबाकी असताना बुकिंग अडतं), आणि तीन ठिकाणांची यादी हाताशी ठेवा. पहिलं नाही मिळालं तर दुसऱ्याचा विचार करण्यात मिनिटं गेली की तेही जातं.

ते दिवस हुकले तर दुसरी संधी रद्द करण्याच्या नियमात असते. दंड टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत बेत डळमळीत असलेले सदस्य खोल्या सोडतात. करारातल्या त्या तारखा कॅलेंडरवर मांडून रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा. प्रतीक्षायादीत नाव असलं तरी हे करावं, कारण यादी ठरावीक मापाच्या खोलीची आणि ठरावीक तारखांची असते, एक रात्र कमी केली तर कधी लगेच जागा दिसते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे खोली फेब्रुवारीत आणि ९ नोव्हेंबरच्या गाडीचं तिकीट १० सप्टेंबरला. मधल्या काळात खोली रद्द करण्याचा दंड कुठल्या टप्प्यावर असेल ते पाहूनच बडोदा ते गोवा असा रेल्वेचा बेत करावा. सापुतारा, उदयपूरला ही टांगणी नाही.

परदेशी जायचं आमिष बहुतेक आरसीआयसारख्या अदलाबदल संस्थेच्या नावावर दाखवतात. तिथे तुमचा आठवडा जमा करून दुसरा घ्यायचा असतो, आणि तुमच्या जमा केलेल्या आठवड्याची किंमत त्याच्या मागणीवर, खोलीच्या मापावर आणि किती आधी जमा केला यावर ठरते. पावसाळ्यातला स्टुडिओ जमा करून नाताळात युरोप मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. वर अदलाबदलीचं शुल्क वेगळं.

बुकिंग न मिळण्याची किंमत रुपयांत काढता येते. समजा सदस्यत्व ५ लाखांना घेतलं, २५ वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला २०,०००. वार्षिक शुल्क २५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २९,५००. दोन्ही मिळून ४९,५००. सातही रात्री वापरल्या तर एक रात्र सुमारे ७,०७० रुपयांना पडते, जेवण सोडून. चारच मिळाल्या तर १२,३७५ रुपयांना. यात आधी भरलेल्या रकमेचं व्याज नाही आणि वार्षिक शुल्क दरवर्षी वाढतं तेही धरलेलं नाही. फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात जाऊ शकणाऱ्या बडोद्याच्या नोकरदार किंवा दुकानदार कुटुंबाने चार रात्रींचाच हिशेब धरावा, आणि त्या हिशेबाने हा सौदा परवडत नाही. कधीही निघू शकणाऱ्यांना तो परवडू शकतो.

प्रेझेंटेशनला जाणारच असाल तर तिथेच एक कसोटी घ्या. कोरं माहितीपत्रक किंवा जुलै महिन्याची मोकळी खिडकी पाहू नका. चालू सदस्याच्या खात्यातून येत्या दिवाळीचे पाच दिवस, तुमच्या मापाची खोली आणि दहा ठिकाणं समोर उघडून दाखवायला सांगा. ‘आजच सही केली तर सूट’ हे वाक्य आलं की सही दुसऱ्या दिवसावर टाका. युरोपीय संघात टाइमशेअरचा करार १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करार मोडायची मुदत कंपनीने लिहून दिली असेल तेवढीच. ती सहीच्या तारखेपासून मोजतात की पैसे भरल्यापासून, आणि ईमेल चालतो की पत्रच हवं, हे त्याच कलमात असतं.

‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द प्रत्येक करारात असतो आणि खोली नाकारताना तोच पुढे केला जातो. तरीही वर्षानुवर्षं खोली न देणं ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. त्यासाठी प्रत्येक नकाराचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह हवा आणि फोनवर मिळालेल्या नकारानंतर स्वतःहून पाठवलेला ईमेल हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे वडोदऱ्यात, तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, काही प्रकरणं तेवढ्यावरच मिटतात.

जुनं सदस्यत्व दुसऱ्याकडून घेणं स्वस्त पडतं, पण हस्तांतरणाचं शुल्क, उरलेली वर्षं, थकलेलं वार्षिक शुल्क आणि साठलेल्या रात्री नव्या नावावर येतात का, या चार गोष्टी क्लबकडूनच लेखी घ्याव्यात. विकणाऱ्यांनी दुसरी खबरदारी घ्यावी. ‘तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त ना-हरकत दाखल्याची फी आणि जीएसटी आगाऊ भरा’ असा फोन आला तर पैसे भरू नका. खऱ्या व्यवहारात हस्तांतरणाची फी क्लबच्या खात्यात जाते आणि तिची पावती तुमच्या सदस्य क्रमांकावर निघते.