घराचा विमा: तीन वर्षांचे 3,870 रुपये आणि एक फुटलेला पाइप

आमचं घर पुण्यात अरण्येश्वरजवळ, 1991 सालच्या इमारतीत, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी आमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. पण तळमजल्यावरच्या काकूंच्या घरातला चिखल दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनी मिळून घमेल्यांनी काढला. फ्रिज आडवा पडलेला, गाद्या भिजून इतक्या जड की दोघींना एक उचलेना. काकूंकडे घराचा विमा होता. गृहकर्ज घेताना बँकेने काढून दिलेला. कागद काढून बघितला तर त्यात फक्त इमारत होती, घरातल्या सामानाचा उल्लेखसुद्धा नाही. ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये मी भारत गृह रक्षा पॉलिसी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ही पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच साच्यात विकायला लावली आहे, त्यामुळे मूळ मजकूर कुठेही घेतलात तरी तोच असतो. फरक पडतो तो हप्त्यात, जोड-संरक्षणात आणि क्लेमच्या वेळी फोन कोण उचलतं त्यात.

पहिला एजंट आला त्याने विमा रक्कम 90 लाख लिहिली, कारण आमच्या भागात तसा भाव चालू आहे. मी नको म्हटलं. त्या 90 लाखांत जमिनीची आणि जागेच्या मोक्याची किंमत आहे, ती जळत नाही की वाहून जात नाही. विमा घ्यायचा तो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा. आमचा कार्पेट एरिया 620 चौरस फूट, बांधकामाचा दर 2,800 धरला, झाले 17,36,000. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप धरले जातात. आमचे 3,47,200 होत होते. मी एका रविवारी वही घेऊन घरभर फिरले आणि यादी देऊन ते 6 लाख करून घेतले. घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडलं. मूळ पॉलिसीत चोरी फक्त पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांत झाली तरच धरतात, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. तीन वर्षांचे मिळून 18 टक्के जीएसटीसकट 3,870 रुपये भरले. वर्षाला 1,290. सोसायटीचा एका महिन्याचा मेंटेनन्स याहून जास्त आहे.

एवढ्यात आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं येतं. भूकंप आहे हे वाचून सासूबाईंना बरं वाटलं. त्या पाटणच्या, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप त्यांनी अंगणात उभं राहून काढलेला आहे.

2023 च्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे पडले. क्लेम केला, नामंजूर झाला. हळूहळू झिरपणारं पाणी, झीज, जुनेपणा यात बसत नाही. तेव्हा मी चिडले होते, पण ती अट पॉलिसीत छापलेली होती आणि मी ती वाचली नव्हती. पुढच्या वर्षी झिरपणं आणि फुटणं यातल्या फरकानेच मला वाचवलं.

मे 2024. गुरुवारी पाणी बंद होतं आणि आम्ही वाईला लग्नाला गेलो होतो. शुक्रवारी सकाळी वॉचमनने पंप लावला आणि आमच्या ड्राय बाल्कनीतून टाकीकडे जाणाऱ्या लाइनचा जॉइंट फुटला. शेजारच्या वहिनींचा फोन आला, "तुमच्या दाराखालून पाणी येतंय." संध्याकाळी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, पॅसेजमध्येही तेच.

कॉल सेंटरच्या मुलीने विचारलं, "लीकेज आहे का मॅडम?" मी स्पष्ट सांगितलं, लीकेज नाही, पाइप फुटलाय, तसंच लिहा. प्लंबरच्या बिलावर "जॉइंट फुटला" असं लिहून घेतलं. सेक्रेटरींकडून तारीख-वेळेचं पत्र घेतलं. आणि प्लंबर फेकून देणार होता तो पाइपचा तुकडा मी दुधाच्या पिशवीत घालून ठेवला.

नुकसान तपासणारे सर्व्हेअर सोमवारी आले. माणूस अबोल पण नीट काम करणारा. ओट्याखाली उकिडवे बसून त्यांनी एकेक ट्रॉली बाहेर ओढली. प्लायच्या कडेवर अंगठा दाबला तर भिजलेल्या बिस्किटासारखा थर आत गेला आणि लॅमिनेट सुटून हातात आलं. त्याचा फोटो त्यांनी तीन वेळा काढला. पाइपचा तुकडा हातात घेऊन फाटलेली कड उजेडात धरून बघितली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कपाटाचं बिल माझ्याकडे नव्हतं. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो दाखवले, सगळ्या बायकांच्या मागे ते कपाट कोरडं, चकचकीत उभं आहे. त्यांनी ते मान्य केलं.

माझी मागणी होती 1,46,000: ट्रॉल्या 58,000, कपाट 32,000, फ्रिज 24,000, गादी 14,000, रंग 18,000. हातात आले 1,14,300. फ्रिज दुरुस्त होत होता म्हणून दुरुस्तीचेच 6,800 धरले. रंग पाणी पोचलं तेवढ्याच खोल्यांचा, 9,500. ट्रॉल्यांच्या स्टीलच्या भंगाराचे 6,000 वजा केले. मला हा हिशेब रास्त वाटला, कारण प्रत्येक आकड्यामागचं कारण लेखी मिळालं. फुटलेल्या पाइपचा खर्च यात येत नाही, तो सोसायटीने केला.

माझी खरी तक्रार वेळेची आहे. सर्व्हेअरचा अहवाल गेल्यानंतर चाळीस दिवस कंपनीकडून एक ओळ नाही. रोज फोन, रोज नवा माणूस, रोज सगळी कथा पहिल्यापासून. तोवर स्वयंपाकघरात विटांवर फळी टाकून त्यावर डबे ठेवले होते आणि सासूबाई त्या फळीला अडखळल्या. त्या दिवशी मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकली. अकराव्या दिवशी पैसे खात्यात आले. ते झालं नसतं तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे, जायची तयारी होती. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही.

एवढं होऊनही मी गेल्या ऑगस्टमध्ये त्याच पॉलिसीचं नूतनीकरण केलं. पाचपैकी चार तारे देते, एक त्या चाळीस दिवसांसाठी कापला. तीन वर्षांची घेतली तर इमारतीची रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, हा मला मोठा फायदा वाटतो. विमा रक्कम कमी लावली म्हणून भरपाईतही त्याच प्रमाणात काटछाट करायची जुनी पद्धतही यात नाही. एक मात्र लक्षात ठेवा, मिक्सर किंवा टीव्ही स्वतःच्याच शॉर्टसर्किटने जळाला तर त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. त्यातून लागलेल्या आगीत बाकीचं जळालं तर त्याचे मिळतात.

तळमजल्यावरच्या काकूंनीही आता सामानासकट पॉलिसी घेतली आहे, यादी करायला मीच बसले होते. सोसायटीच्या इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सक्तीचा आहे, आमचा चार वर्षं भरलेलाच नाही. या रविवारच्या सभेत तो विषय मी लेखी दिला आहे.