'अस्सल सागवान' म्हणून घेतलेला दुमजली पलंग

घरात दोन मुलं आणि त्यांच्यासाठी एकच खोली. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सात. म्हणून मे महिन्यात दुमजली पलंग घ्यायचं ठरलं. कोल्हापुरातल्याच एका मोठ्या दुकानात नमुन्याचा पलंग मांडला होता. मी खांब धरून हलवून पाहिला, जरासुद्धा डुलला नाही. वर पाटी होती, 'अस्सल सागवान'. मालक म्हणाले, "वहिनी, काळजीच करू नका. तुमची पोरं कॉलेजला जाईपर्यंत याला काही होत नाही." 46 हजाराला ठरला. 20 हजार ॲडव्हान्स दिले.

पलंग आला रात्री साडेनऊला, सुट्या भागांत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. उरलेले पैसे मिळाल्याशिवाय माल उतरवायचा नाही, असं टेम्पोवाल्याला सांगितलेलं. मी तिथंच मोबाइलवरून पाठवले. इथं मी चुकले. आधी एक तरी भाग उघडून बघायला हवा होता. फळ्या हातात हलक्या लागल्या, मी तसं बोललेही. पण जोडणाऱ्या पोरांना घाई होती आणि मुलं आनंदानं उड्या मारत होती.

पावसाळ्यात पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात वरचा पलंग कुरकुरायला लागला. श्रावणात एका रात्री 'कट्ट' असा आवाज झाला आणि शिडीकडची बाजू चार बोटं खाली आली. वर मुलगा, खाली मुलगी. दोघांनाही काही लागलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी ओळखीच्या सुतारमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोल्ट काढला, तर भोकातून भुसा गळला. भुसा आणि डिंक दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड, वर सागाचा कागदाइतका पापुद्रा. पावसाळ्याची ओल लागली की असं बोर्ड फुगतं आणि मग स्क्रूचे आटे धरत नाहीत. मुलगा वाढत्या अंगाचा. तो चढला-उतरला, कूस बदलली की सगळा हिसका त्याच सांध्यांवर. खांबांची टोकं प्लास्टिकच्या टोप्यांनी झाकलेली होती, ती का, हे तेव्हा कळलं. खऱ्या सागाची कापलेली बाजू बघितली, तर वरच्या रेषा आत गेलेल्या दिसतात. पापुद्रा असेल तर त्या कडेशीच तुटतात. टोपी काढून बघायला एक मिनिट लागतं.

मिस्त्रींनी आणखी एक दाखवलं. दुकानदारानं गळ्यात मारलेली जाड गादी टाकल्यावर वरचा कठडा जेमतेम दोन इंच उरत होता. गादीच्या वर निदान 5 इंच कठडा हवा, दोन्ही बाजूंनी, आणि त्यातल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत. सहा वर्षांखालच्या मुलाला तर वर झोपवूच नये. छताचा पंखाही हाताच्या अंतरावर नको.

दुकानात गेले. मालकांनी बिल पुढं केलं. "वहिनी, यात सागवान कुठं लिहिलंय?" लिहिलं होतं, 'किड्स बेड दुमजली, 1 नग'. पाच वर्षांची वॉरंटीही तोंडीच होती. एक पट्टी बदलून देतो म्हणाले, मी नको म्हटलं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, दुकानाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत देता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मिस्त्रींनी काढलेला बोल्ट, भुशाचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जोडलंय. तारीख पडली आहे.

तुम्ही पलंग घेणार असाल, तर लाकडाचं नाव, फळीची जाडी आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. मालक कितीही गोड बोलले तरी घ्या. पैसे बाकी असतानाच एक बोल्ट काढून आत बघा.

मुलं सध्या जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. गेल्या आठवड्यात त्या दुकानावरून गेले. नमुन्याचा पलंग काचेमागं तसाच आहे, पाटीही तीच. तिचा फोटो काढला आणि तोही तक्रारीला जोडायला वकिलांकडं दिला.