मे महिन्यात जोडीनं सायकलवरून कोकण: करूळ घाट की फोंडा घाट?

कोल्हापुरातून सायकलनं कोकणात उतरायला वाटा बऱ्याच आहेत. मलकापूरवरून आंबा घाट, गगनबावड्यातून करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आजऱ्यावरून आंबोली. थंडीत यातली कुठलीही धरा, निभावून जातं. मे महिन्यात मात्र भलत्या वेळेला भलता घाट अंगावर घेतला तर दोघांपैकी एकजण आजारी पडूनच घरी येतो. नवरा आणि मी सहा उन्हाळे या वाटांवर सायकली चालवतोय आणि दर एप्रिलला कुणीतरी जोडपं विचारतंच: पहिल्यांदाच निघालोय, सुट्टी मेमध्येच आहे, कुठून जाऊ?

आंबा आणि आंबोली आधी बाजूला ठेवते. आंबा घाट म्हणजे रत्नागिरी-कोल्हापूर राष्ट्रीय महामार्ग. ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या मध्ये कडेची पांढरी पट्टी धरून जायचं, एकमेकांशी एक शब्द बोलता येत नाही. आंबोली फार सुंदर, रात्री मेमध्येही बरी गार. पण आजरा गाठेपर्यंतच पहिला दिवस संपतो, आणि आंबोलीपासून सावंतवाडी आणखी 30 किलोमीटर खाली. पाच-सहा दिवस हाताशी असतील तर जरूर जा. तीन दिवसांची सुट्टी असेल तर करूळ आणि फोंडा, हे दोनच उरतात.

निवडण्याआधी ऊन समजून घ्या. दोन्ही घाट सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला आहेत. सकाळी सूर्य देशाच्या बाजूनं, डोंगराच्या मागून वर येतो, त्यामुळे पायथ्याकडून चढणाऱ्याला डोंगराचीच सावली मिळते. मेच्या मध्याला सहाच्या सुमारास उजाडतं, पण खालच्या बऱ्याच वळणांवर ऊन यायला आठ-साडेआठ वाजतात. दुपारनंतर तोच कडा तव्यासारखा तापतो. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो, झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते, रस्त्यावर पोचतच नाही.

शिवाय ओझं लादलेली सायकल चढाला ताशी पाच-सहा किलोमीटरनं चालते, म्हणजे माणसाच्या चालीनं. त्या वेगात अंगाला वारा लागत नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून पायथ्याचे 34 अंश मला कोल्हापुरातल्या 38 पेक्षा जड गेलेत. एवढं कळलं की घाटाची उंची दुय्यम ठरते. चढाच्या पायथ्याशी रात्री पाठ टेकायला जागा आहे का आणि माथ्यावर पोचल्या पोचल्या पाणी नि सावली मिळते का, हे दोन प्रश्न विचारून मी घाट निवडते.

आता जाताना. करूळची वाट सोपी आणि आखूड. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. पहाटे पाचला रंकाळ्यावरून निघालात तर नाश्त्याला थांबूनही नऊ-साडेनऊपर्यंत पोचता. कळ्याच्या पुढं बराच वेळ कुंभीचं खोरं सोबतीला, ऊस आणि मधेमधे झाडी. गगनबावडा हे तालुक्याचं गाव, जेवणाखाण्याची सोय आहे. दुपार तिथंच काढायची, चारनंतर घाट उतरायचा आणि अंधाराच्या आत वैभववाडी गाठायची. अडचण एकच: उतरताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि मेच्या उत्तरार्धात नेमका त्याच वेळेला वळीव गाठतो. ढग काळे झाले, गडगडायला लागलं, की गगनबावड्यातच राहा.

फोंड्याची वाट लांब. पुईखडीचा चढ चढून हळदी, परिते, भोगावतीच्या कडेनं राधानगरी, मग दाजीपूर, असं अंतर 80 किलोमीटरच्या घरात जातं. ते उन्हाच्या आधी होत नाही, होईल असं मनातही धरू नका. नऊच्या सुमारास राधानगरी गाठायची. तिथं शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आहे, दुपार कशी जाते कळत नाही. संध्याकाळी दाजीपूरकडं सरकायचं आणि मुक्काम करायचा. एक दिवस जास्त लागतो, पण त्या दिवसाचं मोल होतं. राधानगरीच्या पुढं जंगल सुरू झालं की हवा बदलते. घामानं पाठीला चिकटलेला शर्ट पहिल्यांदा सुटा होतो, पानांचा कुजकट-गोड वास येतो, आणि सायकलीच्या साखळीचा आवाज ऐकू यायला लागतो, इतकी शांतता. हे अभयारण्य 1958 मध्ये गव्यांसाठी राखलं गेलं, 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. गवे खरोखर रस्त्यावर येतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त. म्हणून इथं अंधारात सायकल चालवायची नाही. गवा दिसला तर लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो आपण होऊन जातो.

नेमकी इथंच फोंड्याची मेख आहे. उन्हाळ्यात पहाटेचे दोन तास सोन्याचे, आणि जंगलात तेच तास वापरता येत नाहीत. उतरताना काही बिघडत नाही, सातला निघालं तरी सावलीतून खाली जाता. चढून येताना मात्र पायथ्याच्या फोंड्यातून पहाटे निघून माथ्यावर आलात तरी पुढं जंगल, दुकानं तुरळक, आणि घर अजून 80 किलोमीटर. पाय संपलेले असताना राधानगरीपर्यंतचे चढउतार अंगावर येतात.

करूळचं उलट. वैभववाडीत मुक्काम, साडेपाचला पायथ्याकडं, आठ-साडेआठला गगनबावड्यात चहा. पाचशे मीटरहून जास्त चढ आहे, पण तो जिथं संपतो तिथंच गाव आहे. तिथून कोल्हापूर बहुतेक उताराचं, आणि मेमधला पश्चिमेचा वारा पाठीशी. जाताना ज्यानं तोंडावर मारलं तोच येताना ढकलतो. करूळचा तोटाही सांगते. 2024 मध्ये हा घाट काँक्रीटीकरणासाठी बराच काळ बंद होता. आता रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, पण सावली कमी, आणि पांढऱ्या काँक्रीटवरून ऊन खालूनही तोंडावर येतं. नऊनंतर हा घाट चढू नये. काही कारणानं उशिरा चढावंच लागलं तर फोंडा बरा, तिथं निदान झाडं आहेत.

हे मी शिकले ते तिसऱ्या उन्हाळ्यात. वैभववाडीत घावणे खात बसलो आणि दहाला चढायला लागलो. निम्म्यात नवऱ्यानं विचारलं, पाणी प्यायलीस का? मी म्हणाले, सारखं सारखं विचारू नकोस. मग पॅनिअरचा, म्हणजे सायकलीच्या कडेला टांगायच्या पिशवीचा, पट्टा नीट बांधला नाही यावरून मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो सायकल लावून माझ्याकडं बघत राहिला. त्यानं माझा हात धरला तर भर उन्हात दंडावर काटा आलेला. मला ते दिसलंच नव्हतं. त्यानं मला रस्त्याखालच्या मोरीत, सावलीत बसवलं, मानेवर ओला पंचा टाकला, ओआरएस घोटघोट पाजलं. अर्ध्या तासानं हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरकडं चाललेला पिकअप थांबला. पेट्यांवर गोणपाट टाकून सायकली आडव्या ठेवल्या आणि गवतात पिकणाऱ्या आंब्यांच्या वासात आम्ही घाट चढलो.

जोडीनं जाणाऱ्यांना म्हणून सांगते: उन्हाचा त्रास आधी स्वभावात दिसतो. चिडचिड, तुटक उत्तरं, साध्या गोष्टीत गोंधळ. ज्याला होतोय त्याला तो कळत नाही, सोबत्याला कळतो. एकानं थांब म्हटलं की दुसऱ्यानं वाद न घालता थांबायचं, हे घरातून निघतानाच ठरवा. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. लगेच 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहायचं.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ जातं, वर फक्त पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसची पुडी एक लिटरला एक, कमी पाण्यात घट्ट करायची नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. आपली नाचणीची आंबील निघण्याआधी वाटीभर पोटात असावी. बाटलीत भरून नेऊ नका. माझी राधानगरीच्या आत आंबून फसफसली आणि झाकण उघडताच हातावर आली.

सामानाचं थोडक्यात: ज्याचे पाय दमदार त्यानं जास्त ओझं घ्यायचं, म्हणजे दोघांचा वेग आपोआप जुळतो. आमच्याकडं तंबू आणि हत्यारं त्याच्याकडं, कपडे नि औषधं माझ्याकडं. साखळी फिरते त्या दातेरी चक्रांपैकी पुढचं सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्रापेक्षा दातांनी मोठं असेल तर करूळ चढवणार नाही, ते आधी बदला. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर उतारभर धरून ठेवू नका. रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि वळणावर ट्यूब फुटते. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, आणि मधे एकदोनदा थांबून रिम निवू द्या.

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी म्हणेन: फोंड्यानं उतरा, करूळनं चढा. पहिली रात्र दाजीपूर. दुसऱ्या दिवशी सातला घाट उतरून फोंडा, तिथून वैभववाडी साधारण 25 किलोमीटर, तेवढं उन्हाच्या आत होतं. दुपारी झोप, संध्याकाळी सोलकढी-भात. तिसऱ्या दिवशी पहाटे करूळ आणि दुपारच्या जेवणाला नाही जमलं तरी रात्रीपर्यंत घरी. दोनच दिवस असतील तर जाऊन येऊन करूळ. आणि दोघांपैकी एकालाही वैभववाडीच्या त्या पहाटे बरं वाटत नसेल, तर तिथंच कोकण रेल्वेचं वैभववाडी रोड स्टेशन आहे आणि रस्त्यानं घाट चढून वर जाणारी गाडीही मिळते. निघायच्या आदल्या दिवशी गगनबावड्यातल्या एखाद्या हॉटेलात फोन करून करूळ चालू आहे का, एवढं विचारा. बंद असेल तर भुईबावड्यानं चढा, पायथा थोडा लांब पडतो, म्हणून पाचलाच निघा.