डिपॉझिट दीड लाख, पावतीवर मात्र ‘ऐच्छिक देणगी’

सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलने सोडलं तेव्हा नाकात नळी, लघवीची पिशवी आणि माकडहाडापाशी जखम सुरू व्हायच्या बेतात. घरी आम्ही दोघंही नोकरीवाले, ब्यूरोची मावशी टिकेना. कायमच्या शुश्रूषेची जागा शोधायला इंटरनेटवर नंबर टाकला आणि लगेच एका ‘सल्लागारा’चा फोन. सेवा मोफत. त्याने पुण्याच्या आसपासची तीन केंद्रं सुचवली, दरांचा तक्ताही करून पाठवला. आयती तुलना मिळाली म्हणून नवरा खूश. तिन्ही केंद्रं त्याला पेशंटमागे कमिशन देतात, हे नंतर तिथल्याच एका वॉर्डबॉयकडून कळलं. जे कमिशन देत नाहीत ते त्या तक्त्यात येणारच कसे?

तक्त्यात दर होता महिना 28 हजार, ‘सगळं धरून’. पहिलंच बिल 46 हजारांचं. डायपर, अंडरपॅड, ड्रेसिंग, नळीतून भरवण्याचे पैसे, एअर बेडचं (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने फुगवायच्या गादीचं) भाडं, सगळं वेगळं. दिवसाला चार डायपर लागले म्हणतात, मोजायला तुम्ही थोडेच तिथे असता? म्हणून जाऊबाईंनी पुढच्या वेळी डायपर घरून नेले आणि प्रत्येकावर पेनाने नंबर घातला. (बँकेत कॅशियर होत्या, सवय जात नाही.) सकाळी त्या गेल्या तेव्हा जो नंबर होता, संध्याकाळी मी गेले तरी तोच. एअर बेडच्या पंपाची पिन खाली लोंबत होती, सॉकेटमध्ये कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. गादी चपटी, अण्णा उताणे, आणि रुपयाएवढी जखम वाटीएवढी झालेली. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी मात्र वहीत रात्री बारापर्यंतच्या भरलेल्या. घड्याळात तेव्हा सहा वाजले होते.

दोन दिवसांत अण्णांना हलवलं. डिपॉझिट ‘सोडताना परत’ असं तोंडी ठरलेलं, व्हॉट्सॲपवरही कबूल केलेलं. पण पावती एका ट्रस्टच्या नावाची, आणि देणगी परत मिळत नसते म्हणे. यातली मेख वकिलांनी सांगितली: देणगी म्हटली की ती सेवेचा मोबदला नव्हे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा पवित्रा त्यांना घेता येतो. आमच्याकडे व्हॉट्सॲपवरचा मेसेज होता म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता आली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते आणि सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. निकाल अजून लागायचा आहे.

तिथल्या हॉलमध्ये एक कागद दिमाखात फ्रेम करून लावला होता. तो निघाला शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालचा. कामगार थोडेच असले की ऑनलाइन माहिती भरून जी पावती मिळते, ती! नळी, कॅथेटर, ड्रेसिंग असा कारभार जिथे चालतो तिथे 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी आहे का, हे विचारा. शहरात ती महापालिकेकडून होते आणि तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून तारीखही बघा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा.

दर विचारू नका, मागच्या महिन्याचं तुमच्यासारख्याच पेशंटचं बिल नाव झाकून दाखवा म्हणा. जे दाखवतात त्यांच्यातच तुलना करा. ‘भेटीची वेळ चार ते पाच’ अशी पाटी असेल तर रात्री आठ वाजता जाऊन बघा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं असतात ते तेव्हाच कळतं. बाहेर पडणाऱ्या नातेवाइकांना गेटवर गाठा, आत ते मालकासमोर बोलत नाहीत. आणि पैसे चेकने किंवा ऑनलाइनच द्या, शेऱ्यात ‘परत करण्याजोगं डिपॉझिट’ असं स्वतः लिहून. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे, ग्राहकांसाठी 1915.