कॉन्स्टिट्यूशन हिल, जोहान्सबर्ग : तुरुंगाच्या विटांत बांधलेले न्यायालय

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीवर निघालेली आपल्याकडची बहुतेक मंडळी क्रुगर अभयारण्य, सन सिटी आणि केप टाउन एवढे पाहून परततात. जोहान्सबर्ग त्यांच्या लेखी विमान बदलण्यापुरते असते. त्या शहरात एक दिवस हाती असेल आणि गोऱ्यांची वंशभेदी राजवट संपल्यावर एखादा देश लोकशाहीची घडी कशी बसवतो याचे कुतूहल असेल, तर ब्रामफाँटेन आणि हिलब्रो या वस्त्यांना लागून असलेल्या टेकडीवरची 'कॉन्स्टिट्यूशन हिल' चुकवू नये. पूर्वी तिथे तुरुंग होता, आज देशाचे संविधान न्यायालय आहे, आणि मार्गदर्शकाबरोबर हे सारे आवार पाहता येते. एका तासाचा धावता फेरफटका आणि दोन तासांचा सविस्तर फेरफटका अशी दोन तिकिटे मिळतात. पहिले घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो.

फेरफटक्याचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे 'नंबर फोर', अर्थात कृष्णवर्णीय पुरुष कैद्यांचा तुरुंग. गोऱ्या कैद्यांसाठी शेजारचा जुना किल्ला होता आणि स्त्रियांसाठी वेगळा तुरुंग; तिथेही गोऱ्या आणि काळ्या कैदी निरनिराळ्या भागांत. नंबर फोरच्या अंगणात कैदी उकिडवे बसून जेवत आणि दार नसलेले संडास तिथून हाकेच्या अंतरावर होते. वंशभेदावर आपण भाषणे पुष्कळ ऐकलेली असतात, पण तो डावाने मोजून वाढला जात होता हे इथल्या शिधापत्रकावरून कळते. गोऱ्यांचे जेवण सगळ्यांत सकस, मिश्रवंशीय आणि आशियाई कैद्यांचे त्याखालचे, आणि आफ्रिकी कैद्याच्या ताटात मुख्यतः मक्याचा घाटा. पाव कोणाला, मांस किती, साखर किती, हे सारे कैद्याच्या गुन्ह्यावर नव्हे, त्याच्या कातडीवर ठरत असे. मार्गदर्शक इथे आवाज चढवत नाही. तक्त्यापाशी नेतो आणि वाचायला वेळ देतो. ही पद्धत मला फार योग्य वाटली.

कोठड्यांत कांबळ्यांच्या घड्या मांडून कैद्यांमधली आपापसांतली उतरंड दाखवली आहे. कोठडीच्या म्होरक्याचे अंथरूण जाड आणि ऐसपैस, तर शेवटच्या माणसाची जागा शौचाच्या बादलीजवळ. ज्यांना राज्यव्यवस्थेने एकाच पायरीवर ढकलले होते त्यांनीही आत आपल्या पायऱ्या तयार केल्या, ही गोष्ट प्रदर्शनाने लपवलेली नाही. कैद्यांना नागवे करून झडतीसाठी जो 'ताउझा' नाच करायला लावत, त्याचेही वर्णन ऐकायला मिळते. सोबत लहान मुले असतील तर त्यांना काय सांगायचे, हे आधी ठरवून जावे.

गांधीजींवरचे दालन पाहायला भारतीय पाहुणा साहजिकच उत्सुक असतो. जानेवारी १९०८ मध्ये भारतीयांच्या सक्तीच्या नोंदणीला विरोध केल्याबद्दल त्यांना याच तुरुंगात ठेवले होते आणि पुढेही त्यांच्या इथे वाऱ्या झाल्या. मात्र अभिमानाने फुगून या दालनातून बाहेर पडू नये. गोऱ्यांबरोबर आपली गणना झाली नाही हे समजण्यासारखे आहे, पण आफ्रिकी लोकांच्या पंक्तीला बसवणे सहन होण्यापलीकडचे आहे, अशा अर्थाचे त्यांनी त्या काळी लिहून ठेवलेले आहे. पुढे त्यांचे विचार बदलले, हेही खरे. शिधापत्रकात भारतीयांचा दर्जा आफ्रिकी कैद्याच्या एक पायरी वर होता, हे नुकतेच वाचून आलेल्या माणसाला त्या वाक्याचा संदर्भ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ही मधली पायरी राजवटीने पुढे थेट संसदेतही बांधली. १९८३ मध्ये गोऱ्या मतदारांचे सार्वमत घेऊन तीन सभागृहांची संसद मंजूर झाली : एक गोऱ्यांचे, एक मिश्रवंशीयांचे आणि एक भारतीयांचे. बहुसंख्य आफ्रिकी जनतेला त्यात एकही जागा नव्हती. १९८४ च्या निवडणुकीवर बहुतेक भारतीय मतदारांनी बहिष्कार टाकला, ही आपल्या बाजूची जमेची नोंद. या टेकडीवरचा तुरुंग बंद झाला तोही १९८३ मध्येच.

न्यायालयाची इमारत २१ मार्च २००४ रोजी, म्हणजे तिथल्या मानवाधिकार दिनी, खुली झाली. कच्च्या कैद्यांची जुनी बराक पाडून तिच्या विटा न्यायालयाच्या भिंतीत आणि बाहेरच्या रुंद पायऱ्यांत वापरल्या. बराकीचे चार जिने मात्र तसेच उभे ठेवले आहेत. प्रवेशाच्या उंच लाकडी दारावर मूलभूत हक्कांच्या सनदेतील सत्तावीस विषय कोरलेले आहेत. आतले खांब कललेले आहेत, कारण झाडाखाली बसून न्यायनिवाडा करण्याच्या आफ्रिकी प्रथेची आठवण त्यांनी द्यावी अशी कल्पना आहे. हे रूपक मला थोडे ओढूनताणून आणलेले वाटले. सुनावणीच्या दालनातली लांबट पट्टीसारखी खिडकी मात्र अगदी नेमकी आहे. बाहेर ती जमिनीलगत आणि आत डोक्याच्या वर असल्यामुळे अकरा न्यायाधीशांना रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसतात. बूट, चपला, शाळकरी मुलांचे मोजे. आपण लोकांच्या वर बसलेलो नाही, ही जाणीव बांधकामातच घालून ठेवली आहे.

या न्यायालयाचे उद्घाटन फेब्रुवारी १९९५ मध्ये, ते भाड्याच्या जागेत असताना, मंडेला यांनी केले. आपल्याला फाशी होणार की नाही हे ऐकायला आपण यापूर्वी न्यायालयात उभे होतो, अशी आठवण त्यांनी तेव्हा सांगितली होती. त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली. जनमत घेतले असते तर निकाल बहुधा उलटा लागला असता.

या दालनात बसल्यावर ज्या खटल्याची आठवण हटकून येते तो आयरीन ग्रूटबूम आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा. केप टाउनजवळच्या वॉलेसडीन वस्तीतील ३९० प्रौढ आणि ५१० मुले खासगी जमिनीवर झोपड्या बांधून राहिली, १९९९ मध्ये त्यांच्या झोपड्या बुलडोझरने पाडल्या गेल्या आणि ती माणसे एका क्रीडांगणावर प्लॅस्टिकखाली आली. ऑक्टोबर २००० मध्ये न्यायालयाने सांगितले की सरकारचे गृहनिर्माण धोरण अत्यंत निकडीत सापडलेल्यांची काहीच तजवीज करत नसल्याने ते संविधानाशी विसंगत आहे. जगभरातल्या विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो. आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या. जागतिक बँकेच्या २०१४ च्या आकडेवारीनुसार दक्षिण आफ्रिकेचा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचे शून्य ते एक असे माप, ०.६३ च्या घरात होता, म्हणजे विषमतेत हा देश जगात अव्वल होता. दारावर हक्क कोरून वीस वर्षे उलटली तरी.

संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. आंबेडकरांनी आपल्याला जो इशारा दिला होता तो इथे शब्दशः लागू पडतो : राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. दक्षिण आफ्रिकेने या विसंगतीवर आपल्यापेक्षा धाडसी उपाय केला आणि घर, आरोग्यसेवा, अन्न, पाणी हे न्यायालयात मागता येतील असे हक्क केले. परंतु हक्क मागायला न्यायालय मिळाले तरी गाऱ्हाणे घेऊन जाण्याचा दरवाजा मिळतोच असे नाही. १९९४ पासून तिथला मतदार पक्षाला मत देतो आणि खासदार पक्षाच्या यादीतून ठरतात. ४०० जागांच्या सभागृहात छोट्यातल्या छोट्या पक्षालाही मतांच्या प्रमाणात वाटा मिळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. वंशांच्या आणि भाषांच्या गुंतागुंतीत कोणीही संसदेबाहेर राहू नये म्हणून ती स्वीकारली गेली. दोष असा की वॉलेसडीनचा खासदार कोण, या प्रश्नाला उत्तरच नसते, आणि खासदाराची नजर वस्तीपेक्षा यादी बनवणाऱ्यांकडे अधिक लागलेली असते. आपल्याकडे आमदाराच्या दारात गटारापासून बदलीपर्यंतची गाऱ्हाणी घेऊन रांग लागते, त्या रांगेला आपण कितीही नावे ठेवली तरी तिथे ती नाही हे लक्षात घ्यावे. जून २०२० मध्ये याच न्यायालयाने अपक्षांना लढू न देणारा निवडणूक कायदा घटनाबाह्य ठरवला आणि २०२३ मध्ये कायदा बदलला, पण २०२४ च्या निवडणुकीत एकही अपक्ष राष्ट्रीय सभागृहात पोहोचला नाही. त्याच निवडणुकीत मंडेला यांच्या पक्षाला १९९४ नंतर प्रथमच बहुमत गमवावे लागले आणि जुन्या विरोधकांना सोबत घेऊन सरकार बनवावे लागले.

न्यायालयातील कलासंग्रह घाईत उरकू नये. निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या शिवून केलेला एक झगा तिथे आहे. फिला न्द्वांद्वे या वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या तरुण लढवय्यीला १९८८ मध्ये पोलिसांनी नग्नावस्थेत कोंडून ठार मारले, तिने अंग झाकायला कमरेला निळी पिशवी गुंडाळली होती, आणि ही हकीकत वंशभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगापुढे मारेकऱ्यांच्याच तोंडून बाहेर आली. चित्रकार जुडिथ मेसन यांनी तिच्यासाठी हा झगा केला. दहा मिनिटे नुसते त्याच्यासमोर उभे राहण्यासाठी राखून ठेवावीत.

तिकिटाच्या पैशांचा पुरेपूर मोबदला मिळतो, असे माझे मत आहे. दोन तासांचे तिकीट सकाळी काढावे, म्हणजे स्त्रियांच्या तुरुंगालाही न्याय देता येतो. वंशभेदविरोधी लढ्यातल्या विनी मंडेला, अल्बर्टिना सिसुलू आणि फातिमा मीर या तिथे कैदेत होत्या. न्यायालयाचे सत्र चालू असेल अशा दिवसांतच भेट ठरवावी, कारण सुनावणी सर्वांना खुली असते. ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि मागच्या रांगेत बसण्याऐवजी खिडकी समोर येईल अशी बाजू धरावी.