बांबू लॅब ए१ मिनी: मशीनचं काम मशीन करतं, बाकीचं तुम्हाला करावं लागतं

स्वस्त थ्रीडी प्रिंटर घेतला की पूर्वी पहिले काही आठवडे तो जुळवण्यातच जायचे. नोझल (वितळलेलं प्लास्टिक सोडणारं टोक) आणि बेड (ज्यावर वस्तू छापली जाते तो तळ) यांच्या मध्ये कागद सरकवायचा, कोपऱ्यांचे स्क्रू फिरवायचे आणि पहिला थर चिकटेपर्यंत हेच करत राहायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या बांबू लॅबच्या ए१ मिनी या प्रिंटरमध्ये ही कटकट जवळपास संपली आहे. हे मशीन बेडची उंची ठिकठिकाणी स्वतः मोजतं. हलणारे भाग कोणत्या वेगाला थरथरतात ते तपासून हालचाल त्यानुसार सुधारतं. नोझलमधला दाब एडी करंट सेन्सरने ओळखून प्लास्टिकचा प्रवाहही जुळवतं. कोपऱ्यांवर गोळे आणि कडांच्या बाजूला लाटा दिसायच्या त्या मुख्यतः थरथर आणि न जुळलेला दाब या दोन गोष्टींमुळे, म्हणून इथे छपाई वेगात असूनही स्वच्छ येते.

छपाईची जागा १८० × १८० × १८० मिमी. नोझल ३०० अंशांपर्यंत तापतं, बेड मात्र ८० पर्यंतच, आणि मशीन चारही बाजूंनी उघडं. त्यामुळे हे पीएलए, पीईटीजी आणि लवचिक टीपीयू या प्लास्टिकांचं मशीन आहे. एबीएस हे प्लास्टिक यावर छापू नका: थंड हवेत प्लास्टिक आकसतं, कोपरे उचलले जातात आणि मोठी वस्तू मधूनच थरांवर तडकते. पीएलएसुद्धा सुरू असलेल्या छताच्या पंख्याखाली छापू नये. बेड पुढे-मागे सरकतो, म्हणून मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा लागते आणि टेबल हलतं नको. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं चालतं. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल तर प्रिंटरला नेटवर्क दिसतच नाही आणि लोक मशीनला दोष देतात. इंटरनेटशी जोडायचंच नसेल तर मायक्रोएसडी कार्डवरून छापता येतं.

वस्तू चिकटत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा बोटांच्या तेलामुळे येते. बेडवरची खडबडीत पीईआय प्लेट (वस्तू जिच्यावर चिकटते ती सुटी पत्र्याची प्लेट) भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, वाळवा, नंतर कडांनाच धरा. नुसत्या अल्कोहोलने पुसलं तर तेल निघण्याऐवजी पसरतं. पीएलएसाठी बेड ६५ अंश, नोझल २२० अंश. छपाई झाल्यावर खरवडू नका. प्लेट गार झाली की वस्तू आपोआप सुटते.

मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात खरा त्रास फिलामेंटचा, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या तारेचा. नोझलपाशी बारीक तडतड ऐकू आली, पृष्ठभागावर फोड दिसले किंवा दोन भागांमध्ये केसांसारखे तंतू सुटले, तर आधी ओलावा तपासा. शोषलेलं पाणी नोझलमध्ये वाफ होऊन बाहेर पडतं. मशीनची कोणतीही आपोआप जुळवणी यावर उपाय नाही. पीएलए ५० ते ५५ अंशांवर ८ तास, पीईटीजी ६५ वर ८ तास वाळवा, मग सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी वापरू नका, कारण त्याचं तापमान मध्येच वर उसळतं आणि रीळच वाकडं होतं.

म्हणूनच हवं तर सोबत घेता येणाऱ्या एएमएस लाइटबद्दल (चार रिळांमधून आपोआप रंग बदलणारं जोडयंत्र) आमचं मत: पहिल्या खरेदीत घेऊ नका. चार रिळं त्यावर उघडीच टांगलेली असतात, म्हणजे जुलैत ती हवेतला ओलावा पीत बसतात. शिवाय रंग बदलताना आधीचा रंग नोझलमधून काढून टाकावा लागतो. हिशोब करून बघा. २० मिमी उंचीची वस्तू, ०.२ मिमीचे थर, म्हणजे १०० थर. प्रत्येक थरात दोन रंग असतील तर जवळपास १०० बदल. प्रत्येकाला एक मिनिट धरलं तरी दीड तासाच्या वर नुसत्या अदलाबदलीत जातो, आणि टाकाऊ प्लास्टिक वस्तूपेक्षा जास्त भरू शकतं. घेतलंच असेल तर एका वेळी एक नको, सहा नग छापा, कारण बदल थरामागे होतात, नगामागे नाही. नावाची पाटी असेल तर अक्षरं फक्त वरच्या तीन-चार थरांत ठेवा, बदल बोटांवर मोजण्याइतके उरतात.

मजबुतीसाठी इनफिल (वस्तूच्या आतली जाळीदार भरण) वाढवत बसण्यापेक्षा बाहेरच्या भिंती दोनाच्या चार करा. चौकटीच्या ग्रिड इनफिलऐवजी लाटांसारखी जायरॉइड भरण निवडा, कारण ग्रिडच्या रेघा एकाच थरात एकमेकींना छेदतात आणि नोझल तिथे घासतं. हुक उभा छापला तर वजन पडताच थरांवरून तुटतो, आडवा छापा. एकमेकांत बसणाऱ्या भागांमध्ये प्रत्येक बाजूला घट्ट हवं तर ०.१ ते ०.२ मिमी, सैल हवं तर ०.३ मिमी फट सोडा. १८० मिमीहून मोठं मॉडेल बांबू स्टुडिओत (छपाईची तयारी करणारं बांबू लॅबचं सॉफ्टवेअर) कापून, खुंट्या घालून जोडता येतं. गणपतीच्या मखराचे तुकडे असेच करावेत. पण हेल्मेट किंवा मोठ्या कुंड्याच करायच्या असतील, तर २५६ मिमीचा थोरला ए१ बघा.

मोदकाचे साचे मात्र यावर करू नयेत, कितीही सुबक दिसले तरी. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, गरम उकडीने आणि धुण्याच्या कढत पाण्याने साचा वाकतो, आणि थरांच्या बारीक खाचांत अडकलेलं पीठ ब्रशनेही पूर्ण निघत नाही.